बुडखा मोठा, करवत किती मोठी?

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. अलिबाग-मुरुडपासून दापोली-मंडणगडपर्यंत पणजोबांच्या हातचे आंबे, फणस आणि चिंचा आडव्या झाल्या. वर्ष पुरतं सरायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्तेने रत्नागिरी-सिंधुदुर्गाची किनारपट्टी झोडपली. फांद्या चुलीत गेल्या, सरळ खोडं वखारीत गेली आणि मागे उरले ते बुडखे: काही कंबरेइतके उंच, काही मुळांसकट कलंडलेले, काही दोघांच्या कवेतही न मावणारे. यंत्र करवत कोकणात त्याआधीही होती. पण आपल्या घरीही एक असावी, असं बागायतदाराला मनापासून वाटू लागलं ते या दोन वादळांनंतर.

ती घ्यायला माणूस दुकानात जातो तेव्हा बहुधा एकच प्रश्न विचारतो, "सगळ्यात ताकदवान कुठली?" प्रश्न चुकीचा नाही. कठीण लाकडाच्या मोठ्या बुडख्यापुढे कमी ताकदीचं यंत्र खरोखरच हतबल होतं. पण ताकद म्हणजे नेमकं काय, ती कुठे खर्च होते आणि तिच्यासोबत काय पदरात पडतं, याचा हिशेब न मांडता घेतलेली मोठी करवत पुढे कौलारू पडवीत गंजत पडते, किंवा त्याहून वाईट, नवशिक्याच्या हातात जाते. म्हणून दोन्ही बाजू नीट तोलून पाहायला हव्यात.

आधी मोठ्या यंत्राची बाजू, कारण ती सहज बाजूला सारावी इतकी हलकी नाही. आंब्याचं वाळलेलं लाकूड घनमीटरला साडेसहाशे ते सातशे किलो भरतं. ऐन आठशेच्या वर जातो, चिंच नऊशेच्याही पुढे. खोडापेक्षा बुडखा आणखी चिवट असतो. मुळं फुटतात तिथे लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतत, वळत जातात आणि करवतीच्या दाताला सरळ वाट मिळत नाही. शिवाय छातीच्या उंचीवर ६० सेंटिमीटर व्यासाचं झाड जमिनीलगत ८०-९० सेंटिमीटरपर्यंत पसरलेलं असतं. अशा ठिकाणी कमजोर यंत्र घातलं की माणूस नकळत त्यावर भार देऊ लागतो. यंत्र दाबायचं, ते गुदमरलं की उपसायचं, पुन्हा दाबायचं. क्लच घसरतो, पिस्टन तापतो आणि हात थकतो. थकलेल्या हातात चालू करवत असणं हाच मोठा धोका. ताकदीचं यंत्र स्वतःच्या वजनाने लाकडात उतरतं, माणसाने फक्त दिशा धरायची. मोठ्या करवतीच्या समर्थकांचा हा मुद्दा सुरक्षिततेचाच आहे आणि तो मला पटतो.

आता ताकदीचा हिशेब. करवतीच्या कागदावर इंजिनाचा आकार सीसीमध्ये आणि ताकद किलोवॅटमध्ये छापलेली असते. जर्मनीच्या स्टिल कंपनीचं एमएस ३८२ हे यंत्र ७२.२ सीसीचं, ३.९ किलोवॅटचं, वजन पात्याशिवाय ६.२ किलो. त्याच कंपनीचं एमएस ६६१ हे ९१.१ सीसीचं, ५.४ किलोवॅटचं, ७.४ किलोचं. स्वीडनच्या हुस्क्वर्नाचं ३९५ एक्सपी ९३.६ सीसीचं. सगळ्यात वरच्या टोकाला एमएस ८८१, म्हणजे १२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट आणि पात्याशिवायच जवळपास दहा किलो. नुसते हे आकडे वाचले तर उत्तर सोपं वाटतं.

पण लाकूड इंजिन कापत नाही, दात कापतात. इंजिनाची ताकद त्या घडीला लाकडात बुडालेल्या दातांमध्ये वाटली जाते. तीन-अष्टमांश इंच पिचच्या साध्या चेनमध्ये दर ३८ मिलिमीटरला एक दात येतो. ५० सेंटिमीटरचं पातं पूर्ण बुडालं की सुमारे १३ दात एका वेळी कापत असतात, म्हणजे ७२ सीसीच्या यंत्रात दर दाताच्या वाट्याला साधारण ३०० वॉट येतात. ९१ सीसीच्या यंत्राला ९० सेंटिमीटरचं पातं लावलं, तर बुडालेले दात होतात सुमारे २४ आणि दर दाताच्या वाट्याला येतात सव्वादोनशे वॉट. म्हणजे मोठं यंत्र लांब पात्यासह घेतलं की एका दातामागची ताकद वाढण्याऐवजी घटते. लांब पात्यावर दोन दातांमधलं अंतर वाढवलेली, कमी दातांची चेन वापरतात ती यासाठीच. तिच्यात दर तीन कड्यांमागे एक दात असतो. त्यामुळे २४ ऐवजी १६ दात बुडतात आणि प्रत्येकाला पुन्हा तीनशेच्या वर वॉट मिळतात. मोठी करवत घेणाऱ्या किती जणांना दुकानात या चेनबद्दल कुणी सांगतं? माझ्या पाहण्यात फारच थोड्यांना.

हाच हिशेब बाजारात सगळीकडे दिसणाऱ्या स्वस्त ५८ सीसीच्या यंत्रांना लावून पाहा. त्यांच्यावर बहुतेकदा २२ इंची पातं असतं. चेन बारीक पिचची असते, म्हणजे दात अधिक दाट, बुडालेले सुमारे १७. यंत्राची खरी ताकद अडीच किलोवॅटच्या आतबाहेर धरली तर दाताला दीडशे वॉटही पुरते मिळत नाहीत. सुकलेल्या चिंचेच्या बुडख्यात हे यंत्र अडतं यात नवल नाही. त्याच यंत्राला १६ किंवा १८ इंची पातं लावलं तर ते बरंच माणसात येतं. वादळानंतर वाटेवरच्या फांद्या तोडायला, जळाऊ लाकूड करायला या यंत्रांनी कितीतरी घरांना हात दिला आहे, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण ज्याला मोठा बुडखाच कापायचा आहे त्याने किंमत पाहून ते घेऊ नये.

मग लांब पातं लागतंच का? ९० सेंटिमीटरचा बुडखा ५० सेंटिमीटरच्या पात्याने दोन बाजूंनी कापता येतो. एका बाजूने निम्म्यापर्यंत जायचं, मागे पाचर ठोकायची म्हणजे काप मिटून पातं धरलं जात नाही, आणि मग दुसऱ्या बाजूने यायचं. दोन काप जुळायला हात बसावा लागतो आणि वेळ जास्त जातो, हे खरं. लांब पात्याचा फायदा असा की एका दमात काप होतो आणि माणसाला वाकावं कमी लागतं. तोटा असा की पात्याचं टोक बुडख्याच्या पलीकडे, नजरेआड फिरत असतं. त्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशावर आदळला, मग ते मूळ असो, दगड असो वा शेजारचा ओंडका, की करवत क्षणात उसळून माणसाच्या अंगावर येते. चेन ब्रेक तिला थांबवतो, पण तो चालू स्थितीत हवा आणि हातांची पकड नेमकी हवी. बुडख्याभोवती मुळं आणि दगड असतातच, म्हणून हा धोका इथे उभ्या झाडाच्या खोडापेक्षा जास्त.

आमच्या मातीचा मुद्दा तर दुकानात कुणीच काढत नाही. कोकणात जांभा आहे. पन्नास-साठ वर्षांच्या आंब्याच्या बुंध्याने जांभ्याचे खडे अक्षरशः गिळलेले असतात, सालीच्या भेगांत लाल माती भरलेली असते, कुठे जुना खिळा, कुठे गुरं बांधायची कडी लाकडात बुजलेली असते. दाताची धार जायला मातीचा एक ओझरता स्पर्श पुरतो. एकदा धार गेली की ५.४ किलोवॅटही नुसता धूर काढतात. करवतीतून लांबट चिपा पडायच्या थांबून पिठासारखा भुसा पडू लागला की यंत्र बंद करून कानस हातात घ्यायची, यापलीकडे उपाय नाही. चौकोनी धारेची चेन स्वच्छ लाकडात वेगाने चालते, पण तिचा कोपरा मातीत लगेच मरतो. गोलसर कोपऱ्याची चेन थोडी सावकाश कापते आणि मातीला जास्त वेळ टिकते. बुडख्यासाठी मी निःसंकोच दुसरी सुचवेन. कठीण लाकडाला धारेचा कोन ३० ऐवजी २५ अंशांच्या जवळ ठेवला तर धार आणखी टिकते. तीन-अष्टमांश पिचला ५.५ मिलिमीटरची गोल कानस लागते आणि दातापुढच्या खुंटीची खोली मोजायची छोटी पट्टी. हे सगळं मिळून यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि तरी ज्या घरात मोठी करवत आहे त्या घरात कानस असतेच असं नाही.

या दाताचा जन्मही लाकडाच्या किड्यातूनच झाला आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ बुफोर्ड कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने खोड पोखरणारी एक अळी निरखून पाहिली. ती तंतूंच्या बाजूनेही कुरतडत होती आणि आडवीही, डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने. त्यावरून त्याने डाव्या-उजव्या वळणाच्या दातांची चेन बनवली आणि जगभरच्या करवती आज त्याच तत्त्वावर चालतात. आंब्यातला भिरूड ज्याने खोड फोडून बाहेर काढला आहे, त्याला हे सांगून पटवावं लागणार नाही. एवढीशी अळी अख्खं झाड पोखरते ती जबड्याच्या धारेवर.

कापायची पद्धतही यंत्राची निवड ठरवते. मोठा बुडखा एकाच आडव्या कापात सपाट करायचा हट्ट नसेल, तर आधी आजूबाजूची माती पहारीने उकरून, साल घासून-धुऊन घ्यावी, मुळांचे फुगवटे एकेक करून छाटावेत आणि मग उरलेल्या गाभ्याला हात घालावा. फुगवटे गेले की ९० सेंटिमीटरचा बुडखा साठ-पासष्टवर येतो. तंतूंच्या दिशेने उभे काप घेतले तर शेवयांसारखे लांब तंतू निघतात आणि चेनच्या झाकणात गच्च बसतात. दर थोड्या वेळाने ते काढावे लागतात, पण एवढं सांभाळलं की मध्यम यंत्रही प्रचंड बुडखा तुकड्या-तुकड्याने संपवतं. यात एक दिवसाच्या जागी दोन दिवस जातील. वर्षातून दोन-तीन बुडखे काढणाऱ्याला तो जास्तीचा दिवस परवडतो. रोज चार ठिकाणी मजुरीवर जाणाऱ्याला परवडत नाही आणि मोठ्या यंत्राचा खरा हक्कदार तोच.

त्याच्या शरीराचा विचार मात्र वेगळा करायला हवा. ९० सीसीचं यंत्र, ९० सेंटिमीटरचं पातं, चेन, इंधन आणि तेल मिळून वजन दहा किलोच्या पुढे जातं आणि बुडखा कापताना ते गुडघ्याच्या खाली, कंबरेत वाकून धरायचं असतं. आवाज शंभर डेसिबलच्या वर. हाताला बसणारी थरथर वर्षानुवर्षं सोसली तर बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो, बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात आणि पुढे संवेदना कायमची जाते. युरोपात २००२ सालीच नियम झाला: आठ तासांच्या सरासरीत थरथर २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या पुढे गेली की मालकाने उपाय करायचे आणि ५ च्या पुढे काम द्यायचंच नाही. आपल्याकडे लुंगी गुंडाळून, पायात स्लिपर घालून करवत चालवणारी माणसं मी पाहतो तेव्हा ते आकडे डोळ्यांपुढे येतात. पायाला वाचवणारी खास पँट मिळते. तिच्यातले धागे चेनमध्ये गुंतून तिला अडवतात. पण तिची पहिल्या श्रेणीची चाचणी सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर होते आणि ताकदवान यंत्रांची चेन भर वेगात त्याहून जोरात धावते. म्हणजे यंत्र जितकं मोठं, तितकी संरक्षणाची खात्री कमी. कोकणच्या दमट उन्हात ती पँट घालणं जिवावर येतं हे मला मान्य आहे. तरी ती न घालता काम करून घेणारा मालक माझ्या लेखी चुकतो, मग यंत्र कितीही चांगलं असो.

इंधनाबद्दल थोडक्यात. चांगल्या टू-स्ट्रोक तेलाचं मिश्रण लिटरला २० मिली. स्वस्त यंत्रांना बहुधा दुप्पट सांगितलेलं असतं, तेव्हा सोबतचं पुस्तक वाचावं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या पावसाळ्यात ते पाणी टाकीत साचतं. महिनाभर करवत ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवूनच ठेवावी. चेनला जळकं इंजिन ऑइल घालायची सवय सगळीकडे आहे. त्यातले धातूचे कण पातं आणि पंप दोन्ही खातात. बॅटरीवरच्या करवती फांद्यांना उत्तम आहेत, पण मोठ्या बुडख्याला अजून पुरत नाहीत. घराजवळ, वीज असेल तिथे, वायरची विजेवरची करवत मात्र विचारात घ्यायला हरकत नाही.

आणि बुडखा कापायलाच हवा का, हा प्रश्न यंत्राच्या आधी यायला हवा होता. डोंगरउतारावर मेलेल्या झाडाची मुळंही काही वर्षं माती धरून ठेवतात. वाटेत, घराच्या पायाशी किंवा विहिरीच्या काठाशी येत नसेल तो बुडखा कुजू दिला तर नुकसान काही नाही. जेसीबीने उपटायचा तर गडगे मोडतात, पाखाडीतून यंत्र आत शिरत नाही आणि शेजारच्या कलमाची मुळं तुटतात. सपाट, मोकळ्या जागेत मात्र तोच सगळ्यात जलद आणि करवतीपेक्षा स्वस्त पडेल. आंब्याचा बुडखा जिवंत असेल तर त्याला धुमारे फुटतात. त्यातले मोजके जोमदार ठेवून त्यांवर हापूस किंवा केसरचं कलम बांधता येतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या आंब्यांच्या पुनरुज्जीवनाचं तंत्र बागायतदारांपर्यंत पोहोचवलं आहे. तिथे करवतीचं काम नेमकं आणि स्वच्छ काप देण्याचं असतं आणि कापाला लगेच बोर्डो पेस्ट लावायची असते, नाहीतर भिरूड त्याच वाटेने आत जातो. अशा कामाला १२० सीसीचा राक्षस कशाला?

कायद्याचंही भान हवं. आंबा, फणस, चिंच, साग, ऐन, खैर ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतुकीचा परवाना. शहरात १९७५ चा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण आहे. पडलेल्या झाडाचा पंचनामा आधी करून घेतला तर बुडखा काढताना हात आखडत नाही.

या सगळ्यातून माझं मत असं बनलं आहे. एका बागेच्या मालकाने, ज्याला वर्षाकाठी काही मोजके बुडखे काढायचे आहेत, ७० सीसीच्या आसपासचं, चार किलोवॅटच्या जवळ जाणारं यंत्र घ्यावं. त्याला ५० सेंटिमीटरचं पातं, गोलसर कोपऱ्याच्या दोन-तीन चेन, कानस आणि चार पाचरी. स्वस्त ५८ सीसीपेक्षा त्याची किंमत कैक पटींनी जास्त आहे, हे मी हलक्यात घेत नाही. एकट्याला ते झेपणार नसेल तर स्वस्त यंत्र घ्यायच्या मोहापेक्षा ज्याच्याकडे योग्य यंत्र आणि बसलेला हात आहे त्याला मजुरीवर बोलावणं शहाणपणाचं. घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच गोष्ट विचारावी. भर पावसाळ्यात चेन, स्प्रॉकेट आणि स्टार्टरची दोरी तालुक्याच्या गावात मिळेल का? उत्तर चाचरत आलं तर यंत्र कितीही नावाजलेलं असो, घेऊ नये.

९० सीसीच्या वरचं यंत्र गावाने मिळून घ्यावं, सोसायटीने किंवा बचत गटाने. पुढचं वादळ कधी येईल ते कुणाच्या हातात नाही. त्या वेळी रस्त्यावर पडलेला वड किंवा घरावर कललेली चिंच लवकर हटवायला तेच लागेल. पण ते चालवणारी माणसं दोनच असावीत, शिकवलेली, आणि त्यांच्या नावावर पँट, बूट, कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण यंत्राबरोबरच विकत घेतलेलं असावं. लांब पात्याबरोबर कमी दातांची चेन घ्यावी. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पावसाळा सरल्यावर, ते सुरू करून, चेन ब्रेक तपासून, टाकी रिकामी करून पुन्हा ठेवावं. दुसऱ्या कुणी मागितलं, अगदी सरपंचाने मागितलं, तरी यंत्र एकटं देऊ नये, त्याच्याबरोबर चालवणारा माणूसही पाठवावा.